लघवीची जळजळ आणि रात्रीची रड

‘तीन वर्षे अंथरूण कोरडे ठेवणारी मुलगी पुन्हा गादी ओली करू लागली, हा मानसिक ताण असेल का?’ हा प्रश्न मला पालक वारंवार विचारतात. सात वर्षांच्या एका मुलीची आई हाच प्रश्न घेऊन आली, तेव्हा लघवीच्या जळजळीसाठी प्रतिजैविकांचे दोन कोर्स झाले होते, पण कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू एकदाही वाढले नव्हते. घरात चार महिन्यांचा भाऊ असल्याने मीही पहिल्या भेटीत वहीत ‘भावंडाचा मत्सर’ असे लिहून मोकळी झाले.

दुसऱ्या भेटीत चित्र काढताना ती सारखी खुर्चीच्या कडेवर सरकत होती, म्हणून मी आईला रात्रीविषयी विचारले. “झोपल्यावर तासाभराने रडत उठते, खाली टोचतंय म्हणते. दिवसा काही नाही, मॅडम.” मला सूतकृमीची, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या दोऱ्यासारख्या बारीक जंताची, शंका आली. त्याची मादी रात्रीच गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालते, मुलींमध्ये ती पुढच्या भागातही शिरते, आणि त्या दाहामुळे जळजळ, वारंवार लघवी, अंथरूण ओले होणे अशी लघवीच्या संसर्गासारखी लक्षणे दिसू शकतात. अशा तक्रारीत कोणी नको तसा स्पर्श केला का, हेही मुलीला हळुवारपणे विचारावेच लागते. जंत सापडले तरी तो प्रश्न वगळता येत नाही. मी तो विचारला आणि बालरोगतज्ज्ञांना चिठ्ठी दिली.

“शीची तपासणी तर नॉर्मल आली होती,” आई म्हणाली. अंडी कातडीवर घातली जात असल्याने ती शौचाच्या नमुन्यात क्वचितच सापडतात. म्हणून सकाळी धुण्यापूर्वी पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराशी दाबून काचेवर लावायची, असे सलग तीन दिवस करायचे. दुसऱ्याच दिवशीच्या पट्टीवर अंडी दिसली.

आई ओशाळली. आजींनी गुळाला दोष दिला, जो निराधार होता. अंडी नखांतून, चादरींतून पसरतात आणि नीटनेटक्या घरांतही पोहोचतात. शाळेत 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला गोळी घेतली होती, पण त्यानंतर पुन्हा लागण होऊ शकते. डॉक्टरांनी घरातल्या मोठ्यांनाही अल्बेंडाझोल हे जंतनाशक औषध दिले, दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा दिली. तान्ह्याला औषध दिले नाही.

महिन्याभरात गादी कोरडी राहू लागली. भावावरचा रुसवा मात्र खराच होता, त्यामुळे आमच्या भेटी पुढेही चालू राहिल्या.