दुर्बिणीच्या बॅरिॲट्रिक (वजन कमी करायच्या) ऑपरेशनमध्ये स्नायू सैल करायचं औषध कशाला देतात? नंतर श्वास अडकतो का?

पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची असते. पोटाची भिंत ताठ असेल तर 15 मिमी पाऱ्याच्या प्रेशरलाही धड जागा होत नाही, आणि स्टेपलर लावताना पेशंट खोकला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून देतात.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला बोलायचंय. मी पुण्यात भूल देते, सकाळी हडपसर, दुपारी कोथरूड, अशी वणवण. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या हॉस्पिटलात 130 किलोच्या बाईंची स्लीव्ह (जठर कापून लहान करायचं ऑपरेशन) होती. काम संपत आलेलं आणि सर्जन म्हणाले, "मॅडम, पोट टाइट आहे, रिलॅक्संट द्या." मी म्हटलं, आता कशाला? "द्या हो!" दिलं 10 मिलिग्रॅम रोक्युरोनियम, म्हणजे तेच स्नायू सैल करायचं औषध. पंधरा मिनिटांत टाके संपले. निओस्टिग्मिन (रिलॅक्संट उतरवायचं औषध) देऊन श्वासाची ट्यूब काढली. बाईंचे डोळे टक्क उघडे, हनुवटी थरथरतेय, मान उचलेना, श्वास पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखा. वीस मिनिटं मास्क दाबून धरला होता मी. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "सगळं ऐकू येत होतं, छातीच हलेना."

सर्जनसाहेब चहा पिताना म्हणाले, जाड पेशंटचं असंच असतं. नसतं! औषध उतरलेलं नव्हतं, आणि ब्लॉक (रिलॅक्संटचा असर) गाढ असला की निओस्टिग्मिन कितीही द्या, उपयोग शून्य. पण ते कळायला माझ्याकडे मशीनच नव्हतं. नंतर स्वतःच्या पैशांनी घेतलं. मनगटाजवळ नर्व्हला चार झटके द्यायचे आणि अंगठा बघायचा. चौथ्या झटक्याला अंगठा पहिल्या झटक्याच्या निदान 90 टक्के जोराने हलल्याशिवाय मी ट्यूब काढत नाही. नुसत्या डोळ्यांनी हे कळत नाही, आकडाच लागतो. आता कोणी "टाइट" म्हणालं की मी अंगठा दाखवते.

हां, एक कबूल करते. डायाफ्राम (छाती-पोटामधला श्वासाचा स्नायू) अंगठ्याच्या आधी जागा होतो, त्यामुळे अंगठा गप्प असूनही पोट ताठ लागू शकतं. म्हणजे ते सर्जन तेव्हा अगदीच खोटं बोलत नसतील. पण उतरायला वेळ द्यायचा होता ना!

हल्ली सुगमाडेक्स मिळतं. गाढ ब्लॉकही काही मिनिटांत उतरवतं, पण फक्त रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमचा. महाग आहे, बिल बघून नातेवाईक कुरकुरतात, कुरकुरू नका. तुम्ही आधी भूलतज्ज्ञांनाच भेटा (सर्जनना नव्हे) आणि विचारा, ट्यूब काढायच्या आधी अंगठ्याचा आकडा बघणार का. कोणी चिडलं तर चिडू दे.

पेशंट बाई असून गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर सुगमाडेक्सनंतर 7 दिवस गोळ्यांशिवाय दुसरं गर्भनिरोधकही वापरायचं, हे कोणी सांगत नाही. आणि घोरण्यासाठी घरी सीपॅप (झोपेत मास्कमधून हवा देणारं मशीन) वापरत असाल तर ते मशीन सोबत न्या, रिकव्हरीत लागतं.