ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याने मला 'व्हिंजर' म्हटलं. याचा अर्थ काय? ही शिवी आहे का?

शिवी नाही, पण कौतुकही नाही. व्हिंजर म्हणजे पिरपिऱ्या.

मी नऊ वर्षं पर्थमध्ये राहतोय. हा शब्द मला खरा कळला तो मुलीच्या पाळणाघरात. तीन वर्षांची होती. बूट घालायचे नव्हते म्हणून तिने नाकातून सूर लावला होता. डोळ्यांत पाणी नाही, हुंदका नाही, नुसतं 'ऊंऽऽ'. तिथल्या ताई शांतपणे म्हणाल्या, "नो व्हिंजिंग, प्लीज." रडू नको असं त्या म्हणाल्या नाहीत. माझी आई ज्याला पिरपिर म्हणायची, ते नेमकं हेच.

मुळात हा शब्द आवाजाचाच आहे. जुन्या इंग्रजीत 'ह्विन्सियन' म्हणजे कण्हणं, विव्हळणं. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीत तो टिकून राहिला. त्याचा जर्मन भाऊबंद 'विन्झेल्न' आजही कुत्र्याच्या कुंईकुंईसाठी वापरतात. अमेरिकेत 'व्हायनर' म्हणतात, तोही याच गोतावळ्यातला. पण 'व्हाइन' म्हणजे मुळात हवेतून जाणाऱ्या बाणाचा सूंऽऽ आवाज.

ऑस्ट्रेलियात या शब्दाला वेगळी धार आहे, कारण इथे 'व्हिंजिंग पॉम' ही जोडगोळी रुळली आहे. पॉम म्हणजे इंग्रज माणूस. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने ब्रिटिश कुटुंबांना अवघ्या 10 पौंडांत बोटीने आणलं. 1982 पर्यंत चाललेल्या या योजनेतून दहा लाखांहून जास्त लोक आले. दोन वर्षांच्या आत परत गेलं तर सरकारने भरलेलं भाडं फेडावं लागे. अनेकांच्या वाट्याला पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांची वसतिगृहं आली, वर हे ऊन. ते बोलले, आणि इथल्यांनी त्यांना व्हिंजर ठरवलं. मला हे अन्यायाचं वाटतं. तापलेल्या पत्र्याखाली मुलं झोपवणाऱ्या बाईची तक्रार पिरपिर कशी होईल?

(पॉम म्हणजे 'प्रिझनर ऑफ मदर इंग्लंड' असं कुणी सांगितलं तर मानू नका. इथे कैदी पाठवणं 1868 मध्येच थांबलं आणि हा शब्द छापील मजकुरात दिसतो 1912 च्या सुमारास. इमिग्रंटशी यमक जुळवून थट्टेत पोमग्रॅनेट, म्हणजे डाळिंब, आणि त्याचं पॉम झालं, हे जास्त पटतं.)

मराठीत काहीजण याला रडतराऊ म्हणतील. मला ते जुळत नाही. रडतराऊला घोड्यावर बसवावं लागतं. व्हिंजर काम चोख करतो, पण करताना तोंड चालू. एसी बंद आहे म्हणून तुम्ही मेल केलात तर ते व्हिंजिंग नव्हे. मेल न करता आठवडाभर चहाच्या वेळी तेच उगाळलंत, तर मात्र आहे.

इथले लोक स्वतःबद्दलही "जरा व्हिंज करतोय हं" म्हणून सुरुवात करतात आणि समोरचा ऐकून घेतो. त्यामुळे सहकाऱ्याने हसत, शेवटी 'मेट' लावून म्हटलं असेल तर मनावर घेऊ नका. सगळ्यांसमोर, मीटिंगमध्ये म्हटलं असेल तर त्याला एकट्याला गाठून विचारा.