काळूरामचं काय करायचं?

प्रश्न : ताई नमस्कार. प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. माझे सासरे मर्चंट नेव्हीत होते. 1974 साली त्यांनी लिव्हरपूलहून एक लोखंडी गल्ला आणला. छातीपर्यंतचा काळा माणूस, लाल कोट, लालभडक जाड ओठ, बटाट्याएवढे पांढरे डोळे. पुढे केलेल्या हातावर नाणं ठेवायचं, मागची खटकी दाबली की हात तोंडाकडे जातो, डोळे वर फिरतात आणि तो नाणं गिळतो. आमच्याकडे याचं नाव काळूराम. नवऱ्याचं आणि दोन्ही नणंदांचं लहानपण याला दहा पैसे भरवण्यात गेलं, माझ्या मुलानेही भरवलेत. सासरे गेल्यापासून तो हॉलच्या शोकेसमध्ये त्यांच्या फोटोशेजारी असतो.

आता मुलगा अटलांटाला असतो, डिसेंबरमध्ये येतोय आणि सोबत त्याची मैत्रीण येतेय (लग्नाचं चाललंय), ती आफ्रिकन-अमेरिकन आहे. परवा व्हिडिओ कॉलवर आमच्या मागे शोकेस दिसलं तर पोराने रात्री वेगळा फोन करून सांगितलं, आई प्लीज ते आधी उचल. ह्यांना कळल्यावर हे भडकले. म्हणे बाबांची आठवण आहे, अँटिक आहे, त्या काळात हे सगळं चालायचं, आणि आपण काय गोरे आहोत का, आपणच काळे, आपल्याला कोण रेसिस्ट म्हणणार. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. खरंच हे आज एवढं अपमानकारक आहे का? आणि फेकू, विकू की ठेवू?

– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हसले नाही. तुमच्या काळूरामला मी ओळखते, म्हणजे त्याच्या भावंडांना. हा गल्ला अमेरिकेत बफेलोच्या शेपर्ड हार्डवेअर कंपनीने काढला, पेटंट 1882 चं, आणि तो इतका खपला की इंग्लंडात विलेनहॉलच्या जॉन हार्पर कंपनीनेही तसाच ओतायला घेतला, त्यामुळे लिव्हरपूलला जुन्या बाजारात मिळाला यात नवल काही नाही. त्याला तिकडे एक नाव होतं, ते मी इथे लिहिणार नाही कारण त्यातला एक शब्द म्हणजे काळ्या लोकांना इंग्रजीत दिली जाणारी सगळ्यात घाण शिवी आहे. कित्येक गल्ल्यांच्या पाठीवर ते नाव ओतलेलं असतं. ह्यांना म्हणावं एकदा तो उलटा करा आणि पाठ वाचा, कदाचित तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पन्नास वर्षं शोकेसच्या मागच्या बाजूला तोंड करून उभं असेल.

‘त्या काळात चालायचं’ हे वाक्य मला फार ऐकू येतं, जुन्या वस्तूंचा नाद असलेल्या प्रत्येक घरात कोणीतरी ते म्हणतंच. चालायचं, पण कोणाला? अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने गेली 1865 मध्ये, दक्षिणेतून सरकारी फौजा निघाल्या 1877 ला, आणि मग तिथल्या गोऱ्यांनी एकेक करून काळ्यांचा मताचा हक्क काढून घ्यायला आणि शाळा, रेल्वेचा डबा सगळं वेगळं करायला सुरुवात केली, त्याच वर्षांत हा गल्ला आला. त्या कायद्यांना ‘जिम क्रो’ म्हणतात, आणि जिम क्रो हे मुळात एका सोंगाचं नाव, 1830 च्या आसपास टी. डी. राइस नावाचा गोरा नट तोंडाला काजळी फासून ते करायचा. म्हणजे आधी सोंग, मग त्या नावाचे कायदे. बरं हे सोंग त्या काळी काळ्या लोकांना चालत होतं का? फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामीतून पळून आलेला माणूस, त्याने 1848 मध्येच आपल्या ‘नॉर्थ स्टार’ पेपरात या काजळी फासणाऱ्या नटांना गोऱ्या समाजाचा गाळ म्हणून झोडपलं होतं, की आमचा रंग चोरून पैसा करतात. 1923 ला वॉशिंग्टनमध्ये ‘मॅमी’चा, म्हणजे गोऱ्यांची पोरं सांभाळणाऱ्या काळ्या दाईचा पुतळा उभारायचं घाटत होतं, सिनेटने मंजूरसुद्धा केलं, तेव्हा काळ्या बायकांनी आणि त्यांच्या पेपरांनी एवढा गदारोळ केला की पुढे ते बारगळलं. तर तुम्ही विचारता आजच्या काळात हे अपमानकारक आहे का. होतंच हो. फक्त ज्यांचा अपमान होत होता त्यांचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागला.

आता गल्ला नीट बघा, कारण यात खरी गंमत (म्हणजे वाईट अर्थाने गंमत) त्या खटक्यात आहे. पुतळा नुसता उभा असता तर एक वेळ ठीक. पण हा हलतो. दिसेल ते गिळतो, डोळे फिरवतो, आणि गिळला की आपण हसतो, ही सगळी करमणूक लहान मुलाच्या बोटाने घडवायची असते. अशा वस्तू तिकडे घराघरात होत्या, मिठाच्या डब्या, बिस्किटांच्या बरण्या, ॲशट्रे, पोस्टकार्डं. कोणी शिकवणी घेत नव्हतं, पोरं मीठ घेता घेता शिकत होती की काळा माणूस म्हणजे खादाड, बावळट, हसायची चीज. आणि पुढचं वाक्य ह्यांना वाचून दाखवू नका, आपल्यातच ठेवा. डोंबिवलीत 1975 साली ज्या मुलाने जन्मात आफ्रिकन माणूस पाहिला नव्हता त्याने तो पहिल्यांदा पाहिला तो असा. सासऱ्यांच्या मनात काही वाईट नसणार, बंदरावर पोरांसाठी खेळणं दिसलं, उचललं. सगळ्यांनीच तसं उचललं.

‘आपणच काळे’ हा मुद्दा मात्र मला बिलकुल पटत नाही. आपण काळे असू तर मग गल्ल्याचं नाव काळूराम का पडलं? घरातल्या कोणाच्या नावावरून सोन्या का नाही पडलं? आपल्याकडच्या स्थळांच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द किती वेळा येतो ते मी सांगायला नको. आणि आपली थट्टा झाली की आपल्याला बरोब्बर कळतं बघा, ‘सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेतला भारतीय दुकानदार अपू तिकडच्या आपल्या पोरांना शाळेत किती लागला, त्याचा तो हेल ऐकवून चिडवायचे, आणि आवाज काढणारा हँक अझारिया गोरा, शेवटी 2020 मध्ये त्याने ते काम सोडलं. तेव्हा आपण असं म्हटलं नाही की जाऊ दे कार्टून आहे.

शिवाय आफ्रिकन माणूस म्हणजे हसायची चीज हे आपल्या मातीतलं नाहीच. मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकत विकत इथवर आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. ज्याला पुढे औरंगाबाद म्हणू लागले ते खडकी गाव त्याने वसवलं, गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणलं, 1624 ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. मुरुडला जाऊन जंजिरा बघून आलेल्या कोणाला विचारा सिद्दी, म्हणजे तिथले मूळ आफ्रिकेतले सत्ताधीश, हे हसायचं प्रकरण होतं का. ‘हबशी’ हा तेव्हा हबश, म्हणजे इथिओपिया, या देशाच्या नावावरून पडलेला शब्द होता, त्याची शिवी आपण नंतर केली. थोडं विषयांतर झालं, पण होऊ द्या.

मग फेकायचा का? माझं मत नाही. डेव्हिड पिलग्रिम म्हणून एक काळे प्राध्यापक आहेत, लहानपणी अलाबामात मोबील शहरात त्यांनी अशीच एक वस्तू विकत घेतली, बहुतेक मॅमीची मीठदाणी, आणि पैसे देऊन तिथल्या तिथे जमिनीवर आपटून फोडली. वय बारा-तेरा असेल. पण हाच माणूस पुढे आयुष्यभर अशा वस्तू गोळा करत राहिला आणि 1996 मध्ये सगळा संग्रह मिशिगनच्या फेरिस स्टेट युनिव्हर्सिटीला देऊन टाकला, तिथे आता जिम क्रो म्युझियम आहे, मुद्दाम बघायला लावतात आणि मग त्यावर बोलायला लावतात. तिकडे कितीतरी काळी माणसंच हे गोळा करतात. आणि बेटी सार या चित्रकर्तीने 1972 मध्ये काय केलं, बाजारातली मॅमीची एक बाहुली घेतली, कागद-पेन्सिल अडकवायची असते तसली, तिच्या एका हातात झाडू तसाच ठेवला आणि दुसऱ्या हातात रायफल दिली. वस्तू तीच. तर वस्तू जगली तर चालेल, पण पुरावा म्हणून. तुमच्या शोकेसमध्ये ती फोटोशेजारी, बहुधा काचेच्या हंसांच्या रांगेत, शोपीस म्हणून उभी आहे, भानगड तिथे आहे.

विकायचा विचार असेल तर आधी खरा का खोटा बघा. याच्या नकला ढिगाने निघाल्यात. खरा जुना असेल तर दोन भागांची सांध घट्ट बसलेली असते, ओतीव गुळगुळीत असतं, नकलेचा लोखंडी पृष्ठभाग खरखरीत, रव्यासारखा लागतो आणि सांधीत फट दिसते. तळाला फुलीचा स्क्रू दिसला की समजा 1882 शी त्याचा काही संबंध नाही, ते स्क्रू आले 1930 नंतर. फ्रिजवरचा मॅग्नेट लावून बघा, चिकटला नाही तर ॲल्युमिनियमचा आहे, इंग्लंडात तसेही निघाले होते. आणि खरोखर शंभर वर्षांच्या वरचा निघाला तर मुलाच्या बॅगेत टाकून अमेरिकेला पाठवू वगैरे मनात आणू नका, 1972 चा पुरावशेषांचा कायदा आहे, पुरातत्त्व खात्याला विचारावं लागेल. चोरबाजारात मात्र देऊ नका, तिथून तो दुसऱ्या कोणाच्या तरी शोकेसमध्येच जाणार.

डिसेंबरचं सांगते. आजच शोकेसमधून काढा, जुन्या साडीत गुंडाळून कपाटात. पण लपवल्यासारखं करू नका, कारण व्हिडिओ कॉलवर तिलाही दिसला असू शकतो आणि ती काही बोलली नसेल, या बाबतीत त्या लोकांना गप्प बसायची सवय आपल्यापेक्षा जास्त आहे. मुलाला म्हणावं तूच तिला आधी सांग की घरात असं असं आहे, आजोबांनी आणलेलं, आम्हाला कळलं नव्हतं, आता काढलंय. बघायचा की नाही ते ती ठरवेल. बघायचा म्हणाली तर तिच्या हातात द्या आणि गप्प राहा, उत्साहात कोणी नाणं ठेवून ‘बघ कसा गिळतो’ करून दाखवायचं नाही. ह्यांना तर आधीच बजावून ठेवा.

आणि ह्यांचं दुःख खरं आहे, ते गल्ल्याबद्दल नसावं, बाबांबद्दल असावं. सासऱ्यांची सीडीसी आहे का घरात? ती निळी-काळी पुस्तिका, जहाजांच्या नोंदींची, शिक्क्यांची. ती उघडून फोटोशेजारी ठेवा, लिव्हरपूलचं पान सापडलं तर तेच.

प्रश्न : ताई, इंग्लंडला असताना मी जॅमच्या बाटल्यांवरच्या त्या ‘गॉली’चे, म्हणजे काळ्या तोंडाच्या बाहुलीचे, मीनाकारीचे बिल्ले जमवले, दहा-बारा आहेत. मैत्रीण म्हणते हेही तसलंच. मला तर ती नुसती बाहुली वाटते, नॉडीच्या इंग्रजी बालगोष्टींतली.

– एक वाचक, पुणे

उत्तर : नॉडी मीही वाचलाय आणि मलाही वाटायची. पण गॉलीवॉग (गॉलीचं पूर्ण नाव) आला 1895 च्या एका चित्रपुस्तकातून, फ्लोरेन्स अप्टनने काढलेला, आणि तिने तो बेतला लहानपणी अमेरिकेत पाहिलेल्या बाहुलीवरून, जी त्याच काजळी फासलेल्या नटांची होती. म्हणजे डोंबिवलीच्या काळूरामचा चुलतभाऊ. जॅमवाल्या रॉबर्टसननी 1910 च्या सुमारास उचलला आणि या शतकाच्या सुरुवातीला बंद केला. नॉडीच्या नव्या आवृत्त्यांतूनही तो गेलाय. बिल्ले डबीत ठेवा, जमवलेत तर असू देत, पण ओढणीला लावून मिरवू नका, आणि कोणी विचारलं तर ‘क्यूट आहे ना’ म्हणायच्या ऐवजी हे सगळं सांगा.