डिसेंबरात चार दिवस गोव्याचा किनारा फिरायचा आहे, उत्तरेच्या केरीपासून दक्षिणेच्या पाळोळेपर्यंत, एका जागी हॉटेल न घेता. दोघांत एक मोठी ट्रॉली बॅग पुरेल का? कपडे किती घ्यावेत?

ट्रॉली आणूच नका. दोघांच्या दोन सॅक, पाठीवर घेता येतील अशा, आणि प्रत्येकीचं वजन सात किलोच्या आत. मी उत्तर गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याला राहते. लग्न होऊन आले तेव्हापासून पाहुण्यांच्या चाकांच्या बॅगा वाळूतून उचलते आहे, म्हणून इतकं ठाम सांगते.

तुम्ही लिहिलंय की एका जागी हॉटेल घेऊन बसायचं नाही, केरीपासून पाळोळेपर्यंत जायचं आहे. मग आमच्या पेडण्याकडच्या लहान बस आल्या. त्यांत सामान एक तर मांडीवर नाही तर ड्रायव्हरशेजारी, तिथे आधीच कुणाची तरी बाजाराची पिशवी असते. पायलट आले, म्हणजे मोटारसायकलवरची टॅक्सी. पाठीवर सॅक असली तर मागे बसून कुठेही जाता, ट्रॉली असली की पायलट मान हलवतो. आणि फेरीबोटी आल्या. माझं सगळं दुखणं त्या फेरीबोटीशी आहे.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं ठाण्याहून आली होती. चार माणसं, चार ट्रॉली, वर खाऊची पिशवी. आमच्याकडे राहून पुढे सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला जाऊबाईंच्या माहेरी जायचं होतं. मी म्हटलं, गाडी करून जाण्यापेक्षा केरीला फेरीबोट घेऊ, तेरेखोलचा किल्ला बघू, रेडीच्या गणपतीला जाऊ आणि तसेच शिरोड्याला. सगळ्यांना पटलं. सासूबाईंनी तर आदल्या रात्रीच लुगडं काढून ठेवलं. त्यांचं माहेर केरीचं. नदीपलीकडचा तो किल्ला त्या लहानपणापासून बघत आलेल्या. 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी तेरेखोलवर तिरंगा फडकवला तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. घरच्यांनी भीतीने दारं लावून घेतली होती, एवढंच त्यांना आठवायचं. पण आयुष्य गेलं आणि त्या किल्ल्यावर कधी चढल्या नव्हत्या.

केरीला बसमधून उतरवतानाच एका बॅगेचं चाक निखळलं. पलीकडे पोचलो तर समोर चढ. चार बॅगा घेऊन वर जाणार कोण, आणि धक्क्यावर टाकून तरी कसं जाणार? भावोजी म्हणाले, कुणीतरी थांबायला हवं. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. सासूबाई म्हणाल्या, ''तुमी वचात, हांव हांगा बसतां.'' म्हणजे तुम्ही जा, मी इथे बसते. मी थांबते म्हटलं, ऐकेनात. मुलांना किल्ल्याची गोष्ट सांगायला मीच हवी, म्हणाल्या. वरून नदी समुद्राला मिळते ती जागा दिसते, पलीकडे केरीची वाळू आणि सुरूचं बन. आणि त्या दिवशी खाली धक्क्यावर चार बॅगांच्या मध्ये बसलेल्या आमच्या आई दिसत होत्या.

पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या.

भावोजी अजून नातेवाइकांत सांगतात की हिने आईला उन्हात बसवलं आणि आम्हाला किल्ला दाखवत फिरली. चारचौघांत मी उलट बोलले नाही, इथे लिहिते. भावोजी, आईंना मी नाही बसवलं, तुमच्या सामानाने बसवलं. शिरोड्यापर्यंत आम्ही पोचवायला गेलो होतो, त्यामुळे बॅगा उघडल्या तेव्हा मी तिथेच होते. घडी न मोडलेल्या चार जीन्स, तीन जाड टॉवेल, केस वाळवायचं यंत्र आणि ठाण्याहून आणलेले पाच किलो तांदूळ.

म्हणून कपड्यांचा हिशेब असा: अंगावर एक जोड, सॅकमध्ये दोन, रोज रात्री धुवायचे. जीन्स नको, आमच्या दमट हवेत ती रात्रभरात वाळत नाही. टॉवेलऐवजी पंचा घ्या, नाश्ता होईपर्यंत सुकतो. ओल्या कपड्यांना एक प्लास्टिकची पिशवी. पायात मागे पट्टा असलेली रबरी सँडल, कारण कातळ ओला असला की साधी चप्पल पायात राहत नाही. हरमलहून गोड्या पाण्याच्या तळ्याकडून डोंगर चढून केरीला चालत येता येतं, ती वाट तर याच सँडलने आणि पाठीवर सॅक घेऊनच करावी. स्वेटर लागत नाही. रात्री दुचाकीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट पुरतो, आणि तोच मंगेशीला नाही तर ओल्ड गोव्याच्या चर्चमध्ये जाताना अंगात असला की खांद्यांचा प्रश्न मिटतो. गुडघे झाकणारं काहीतरी मात्र हवंच.

दक्षिणेला जाताना पेडण्याला किंवा थिवीला रेल्वेत बसा आणि काणकोणला उतरा. पाळोळे तिथून जवळ आहे. गाडी दोन्हीकडे थांबते का ते आधी बघून घ्या. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, रात्री तिथे बॅटरीचा उजेड पाडू नका.

सोबत तान्हं मूल असेल किंवा कुणाची रोजची औषधं असतील तर सात किलोचा हट्ट धरू नका, मग सरळ गाडी करा. पावसाळ्यात याल तर यातलं निम्मं लागू नाही.

आणि केरीच्या धक्क्यावर पोचल्या पोचल्या परतीची शेवटची बोट किती वाजता ते विचारून घ्या. ती चुकली तर आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून मोठा वळसा पडतो, आणि त्या वेळी रिक्षा मिळणं कठीण.