पेढीवर लिनक्स टाकावं का?

प्रश्न : सांगली मार्केट यार्डात आमची हळदीची अडत पेढी आहे. तीन संगणक आहेत, तिन्ही सहाव्या पिढीचे आय-थ्री, ४ जीबी रॅम, विंडोज १०. एकावर टॅली, बाकी दोनवर शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि ई-मेल. दुकानदार म्हणतो, तिन्ही नवे घ्या. भाचा म्हणतो, विंडोजऐवजी चालणारं लिनक्स फुकट आहे, तेच टाका. कुणाचं ऐकू?

उत्तर : अर्धं अर्धं दोघांचंही. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यात तुमचे संगणक बसत नाहीत. म्हणून ते भंगारात मात्र काढू नका.

निर्णय किमतीवर नको, टॅलीवर करा. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनतं. ‘वाइन’ हा विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा प्रोग्रॅम वापरून ते लिनक्सवर उघडणारे आहेत. पण ऐन मार्चअखेरीला लायसन्स किंवा छपाई अडली, तर कुणाला फोन लावणार? त्यापेक्षा टॅलीपुरता एक विंडोज ११चा संगणक घ्या, मूळ लायसन्ससकट. डिजिटल सहीचं कामही त्यावरच ठेवा. स्वस्तात ‘क्रॅक’ टाकून देणारा भेटेलच. जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बनुसार गुन्हा आहे, हे त्याला नसलं तरी तुम्हाला माहीत असू द्या.

बाकी दोनवर लिनक्सचा ‘मिंट’ हा प्रकार. रॅम ८ जीबी करा आणि हार्डडिस्क काढून २४० जीबीची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, लावा. जुन्या हार्डडिस्कवर टाकलं की संगणक रखडतो आणि बोल लिनक्सला लागतो.

बसवण्याआधी चालवून बघा. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, मिंटची सुमारे ३ जीबीची फाइल उतरवा आणि विंडोजवरच्या ‘रुफस’ या प्रोग्रॅमने त्यावर लिहा. नुसती कॉपी केली तर संगणक त्यावरून सुरू होत नाही. चालू करताना डेलला एफ१२, एचपीला एफ९ दाबून पेनड्राइव्ह निवडा. डिस्कला हात न लावता मिंट उघडतं. खरी परीक्षा प्रिंटरची. एचपीचे बहुतेक लेझर चालतात, एपसनची आज्ञावली समजणारे डॉट मॅट्रिक्सही. कॅननचा एलबीपी २९०० मात्र डोकं खातो.

पट्टीचा नमुना एक्सेलमध्ये असेल तर मिंटमधल्या लिब्रेऑफिस या एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडून हमाली, तोलाईची बेरीज जुळते का बघा. साधी सूत्रं चालतात, मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या आज्ञा, बऱ्याचदा अडतात. नावं श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरांत, बदलून घ्या, नाहीतर ‘पाटील’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणार असाल तर विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असलं की शट डाउन करूनही विंडोज अर्धवट झोपेत राहतं. मिंटमधून त्या ड्राइव्हवरची फाइल वाचता येते, सेव्ह होत नाही. घड्याळाचाही घोळ होतो. लिनक्स यंत्रातलं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. मग सकाळी दहाच्या पट्टीवर साडेचार छापून येतात. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की भागतं.

प्रश्न : लिनक्स फुकट, तर त्यातल्या कंपन्या जगतात कशा? – वाचक, मिरज

उत्तर : सेवेवर. प्रोग्रॅम खुला, अपडेटची हमी आणि अडचणीला धावून येणारा माणूस विकत. रेड हॅट याच धंद्यावर वाढली आणि २०१९मध्ये आयबीएमने ती सुमारे ३४ अब्ज डॉलरला घेतली. मार्केट यार्डातल्या पेढीलाही तोच हिशोब लागू. लायसन्सचे वाचलेले पैसे सगळेच खिशात घालू नका, थोडे लिनक्स जाणणाऱ्या स्थानिक दुरुस्तीवाल्याला द्या. देण्याआधी तुमच्याच प्रिंटरवर एक पट्टी छापून दाखवायला सांगा.