सुपारीवरची बुरशी नेमकी कोणती?

प्रश्न : श्रीवर्धनजवळ आमची रोठा सुपारीची वाडी आहे. दर पावसाळ्यात कोळेरोगाने कोवळी फळे गळतात आणि त्यांवर पांढरी बुरशी चढते. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते, पण आमच्याकडे सूक्ष्मदर्शकाखेरीज साधन नाही. डीएनएवरून ही बुरशी ओळखता येईल का? नमुना कोठे आणि कसा पाठवावा?
– एक वाचक, रायगड

उत्तर : अवश्य येईल, आणि त्यासाठी महाविद्यालयाने यंत्रे विकत घेण्याची गरज नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील राष्ट्रीय बुरशी संग्रहात बाहेरून आलेल्या बुरशी शुल्क घेऊन ओळखून दिल्या जातात, तर देशभरातील सामायिक उपकरणांची माहिती ‘आय-स्टेम’ या सरकारी संकेतस्थळावर मिळते. कोळेरोगाची लक्षणे मात्र आधी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील रोगतज्ज्ञांना दाखवावीत.

नमुन्यासोबतच्या पत्रात ‘फायटोफ्थोराचा संशय’ असे स्पष्ट लिहावे, कारण कोळेरोग करणारा हा जीव बुरशीसारखा दिसला तरी खरी बुरशी नव्हे. त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असते आणि त्याचे नाते अळंब्यांपेक्षा आपल्या किनाऱ्यावरच्या खडकांना चिकटलेल्या तपकिरी शैवालांशी अधिक जवळचे आहे. त्यामुळे त्याला वाढवण्याचे माध्यमही वेगळे लागते.

खरी काळजी नमुना घेताना घ्यायची आहे. वाडीत पडून पांढरे झालेले फळ उचलू नये. त्यावर एव्हाना कुजलेल्या पदार्थावर जगणाऱ्या इतर बुरशी वाढलेल्या असतात, आणि यंत्र त्यांचाच डीएनए इमानेइतबारे वाचून देते. शिंपुटावरचेच (घडावरचेच), देठाकडे नुकताच गडद हिरवा, पाणी शोषल्यासारखा डाग पडलेले फळ काढावे आणि जेथे डाग संपून निरोगी भाग सुरू होतो, तेथलेच लहान तुकडे कापावेत. काही तुकडे ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांत ठेवावेत आणि दाणे गुलाबी होताच बदलावेत. आपल्याकडच्या आषाढातल्या दमट हवेत ते फार लवकर होतात. जिवंत जीव वेगळा करण्यासाठी मात्र अख्खे ताजे फळ कागदात गुंडाळून शक्य तितक्या लवकर पोहोचवावे. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घामेजते, म्हणून पिशवी टाळावी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, कारण शाई पावसात फुटते.

बुरशी ओळखण्याची सर्वसाधारण खूण म्हणून २०१२ मध्ये डीएनएचा ‘आयटीएस’ हा भाग सुचवला गेला. तो फायटोफ्थोरासाठीही वापरतात, परंतु त्याच्या जवळच्या जाती एवढ्यावरून नेहमी वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून ‘कॉक्स-१’ सारख्या दुसऱ्या जनुकाचेही वाचन मागावे. अहवालात नुसते नाव न घेता डीएनए-वाचनाच्या मूळ आलेखाची फाइलही मागून घ्यावी. विद्यार्थ्यांना शिकवायला ती फार उपयोगी पडते.

अहवालाची वाट पाहत वाडीतले काम मात्र थांबवू नये. पावसाआधीची १ टक्का बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुन्याच्या द्रावणाची) फवारणी वेळेवर व्हावी, आणि गळालेली फळे रोजच्या रोज वेचून वाडीबाहेर न्यावीत.