मांजरीच्या पाठीला चिकटपट्टी लावून केलेली रील: गंमत की छळ?

भावाने मांजरीच्या पाठीला चिकटपट्टी लावली, ती पोट जमिनीला टेकवून सरपटत गेली, रील तुफान चालली आणि आता आई म्हणते "एवढं काय त्यात", तुम्हाला मात्र ती बघवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी तुमच्या बाजूने आहे. पण आधी माझं पाप सांगतो.

मी लालबागला चाळीत राहतो. आमच्या मजल्यावर बंड्या नावाचा गावठी कुत्रा आहे. तसा तो सगळ्यांचा, जेवायला आमच्याकडे. माझी नवी कोल्हापुरी कुणीतरी कुरतडली, तेव्हा मी ती त्याच्या नाकासमोर नाचवत "कोणी खाल्ली रे? बोल, कोणी?" असा आवाज चढवला आणि भाच्याने शूट केलं. बंड्याचे कान मागे गेले, मान वळली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, दोनदा स्वतःचंच नाक चाटलं, शेपूट पोटाखाली. भाच्याने मागे रडकं गाणं टाकलं, वर "चोर सापडला". नातेवाईक हसून बेजार.

पुढच्या आठवड्यात दुसरी चप्पलही गेली. त्या रात्री बंड्या पायाच्या जखमेमुळे परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात होता. (पाटीवरचं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा!) चोर निघाली गटारातली घूस. सकाळी मी त्याला बघायला गेलो तर ड्रेसिंग चाललं होतं, आणि टेबलावर मला तोच चेहरा दिसला. तेच मागे गेलेले कान, तेच पांढरे डोळे, तेच नाक चाटणं. रीलमध्ये ज्याला आम्ही अपराधीपणा म्हणालो होतो, ती भीती होती.

हे काही माझं संशोधन नाही. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकेतल्या बाईंनी 14 कुत्र्यांवर प्रयोग करून 2009 साली नेमकं हेच दाखवलं. मालकाने मना केलेला खाऊ खाल्लेला असो वा नसो, 'गुन्हेगार' चेहरा मालक ओरडला की येतो. उलट न खाता बोलणी खाणारी कुत्री जास्तच 'गुन्हेगार' दिसली.

तेव्हापासून मी रीलचा आवाज बंद करून फक्त जनावराकडे बघतो. गाणं आणि हसणं गेलं की निम्मी गंमत उडते. मग बघायचं, त्याला तिथून निघून जाता येतंय का? मांजर स्वतःहून खोक्यात घुसते, अडकते, बाहेर पडते, पुन्हा घुसते. त्यावर खुशाल हसा. चिकटपट्टीतून तिला बाहेर पडता येत नाही. केस ओढले जातात, पाठीवर काय बसलंय ते दिसत नाही, म्हणून ती अंग चोरून त्याच्याखालून निसटू बघते. आपल्याला ते चालणं विनोदी वाटतं. जेवणाऱ्या मांजरीच्या मागे गुपचूप काकडी ठेवायची टूमही त्यातलीच. ताटावर बसलेल्याला दचकवणं माणसांत तरी कुणी खपवून घेईल का?

सगळ्यात वाईट उदाहरण लोरिसचं. गोल डोळ्यांचं ते इवलंसं माकडाच्या दूरच्या नात्यातलं जनावर, गुदगुल्या केल्या की दोन्ही हात वर करतं, आणि जगभर लोक "किती गोड" म्हणतात. त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला ग्रंथी असते. तिचा स्राव लाळेत मिसळून विष होतं. हात वर करणं म्हणजे तो चावायच्या तयारीत आहे. आणि चावू नये म्हणून विकणारे त्याचे पुढचे दात आधीच तोडतात.

कायद्याचं म्हणाल तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा 1960 चा आहे, आणि त्याच्या अकराव्या कलमात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. दोन वडापावचे पैसे. जीव घेतला किंवा अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेचं 325 वं कलम लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद. चिकटपट्टीसाठी तुम्ही भावाला पोलिसांत नेणार नाही, नेऊही नये. पिंजऱ्यातल्या पोपटाला बोलायला लावणाऱ्या रीलचं मात्र वेगळं: आपला देशी पोपट पाळणंच 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तरी घराघरांत 'मिठू' आहेतच.

भावाला उपदेश करू नका, तो ऐकणार नाही. दोघं शेजारी बसा, आवाज बंद करून रील लावा आणि तिचे कान कुठे आहेत ते त्यालाच विचारा. माझ्या भाच्याला एवढं पुरलं. आणि चीड आली म्हणून अशा रीलखाली भांडत बसू नका किंवा "बघा काय क्रूरपणा" म्हणून पुढे पाठवू नका. त्याने ती आणखी चालते. सरळ रिपोर्ट करा आणि पुढे जा.

बंड्याची ती रील आम्ही काढून टाकली. पण काकांनी उतरवून ठेवलीय, आणि कुणाची काही वस्तू हरवली की फॅमिली ग्रुपवर "चोर सापडला" येतंच.